झाकण मिटल्यावर जागं कोण?

बालाकी गार्ग्य विद्वान होता आणि ते तो कुणाला विसरू देत नसे. काशीच्या अजातशत्रू राजाला ब्रह्म शिकवायचं म्हणून तो गेला आणि सूर्यातला पुरुष, चंद्रातला पुरुष, विजेतला पुरुष असं एकेक सांगत सुटला. राजाला ते सगळं आधीच ठाऊक होतं. बालाकीचं भांडार संपलं, तेव्हा राजाने त्याचा हात धरला आणि दोघं एका झोपलेल्या माणसापाशी जाऊन उभे राहिले. राजाने त्या माणसाला मोठमोठ्या नावांनी हाका मारल्या. तो हलला नाही. हाताने ढोसलं तेव्हा उठून बसला. राजाने विचारलं, हा झोपला होता तेव्हा कुठे होता, आणि आता आला कुठून? बृहदारण्यक उपनिषदातल्या या प्रसंगात बालाकीला उत्तर देता येत नाही.

लॅपटॉपचं झाकण मिटतं. पंखा थांबतो, एक बारीक दिवा संथपणे लुकलुकू लागतो. आठ तासांनी झाकण उघडलं की पत्र ज्या शब्दावर अर्धं राहिलं होतं, त्याच शब्दापुढे कर्सर उभा असतो. मधल्या वेळात प्रोसेसरला वीज नव्हती, त्याच्या आत काहीही शिल्लक नव्हतं. मग ते पत्र कुणी सांभाळलं? आणि उठलेलं यंत्र तेच, हे कशावरून?

अजातशत्रूचा प्रश्न यंत्राला लावणं हा शाब्दिक खेळ वाटेल. पण संगणकाला झोपवण्याचं काम करणाऱ्यांना हे प्रश्न पोटापाण्यासाठी सोडवावे लागले आहेत, आणि उत्तर चुकलं तर त्याचा दंड लगेच वसूल झाला आहे. कुणाची फाइल गेली, कुणाचा पडदा काळाच राहिला. झोपेविषयी चुकीचं मत बाळगल्याबद्दल तत्त्वज्ञांना एवढी तातडीची शिक्षा सहसा होत नाही.

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय नावाचं मानक प्रसिद्ध केलं. त्यात यंत्राच्या अवस्थांना क्रमांक आहेत. एस-० म्हणजे जाग, एस-५ म्हणजे बंद. मधली एस-३ ही ओळखीची झोप, आणि एस-४ म्हणजे सगळी स्मृती डिस्कवर लिहून ठेवून घेतलेली गाढ निद्रा. मांडूक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि त्यापलीकडची चौथी अवस्था सांगितली. इथे आकडे जरा जास्त आहेत आणि मोक्षाची सोय नाही. तरी दोन्हीकडचा मूळ प्रश्न सारखाच आहे: झोपताना काय काय झोपतं, आणि काय झोपून चालत नाही?

प्रश्नोपनिषदात हाच प्रश्न जवळपास याच शब्दांत येतो. सौर्यायणी गार्ग्य पिप्पलाद ऋषींना विचारतो की या पुरुषात कोण झोपतं आणि कोण जागं राहतं. पिप्पलाद सांगतात, मावळत्या सूर्याचे किरण जसे त्याच्या बिंबात एक होतात, तशी सगळी इंद्रियं मनात एक होतात. मग माणूस ऐकत नाही, पाहत नाही, बोलत नाही. या नगरीत जागे राहतात ते फक्त प्राणाचे अग्नी. त्यातल्या अपानाला ते गार्हपत्य म्हणतात, म्हणजे घरातला तो मूळ अग्नी ज्याच्यातून बाकीचे पेटवून घेतले जातात. गॅस येण्याआधीच्या घरांत रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवत आणि पहाटे फुंकर मारून पुन्हा फुलवत. ज्यांनी ते पाहिलं आहे त्यांना वेगळं भाष्य लागू नये.

एस-३ मध्ये हा झाकलेला विस्तव म्हणजे रॅम. रॅमच्या चिपमधला प्रत्येक बिट एका इवल्याशा कपॅसिटरमध्ये साठवलेला विद्युतभार असतो आणि तो सतत गळत असतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरून घ्यावी लागते. एरवी हे काम मेमरी कंट्रोलर करून घेतो. झोपेत तोही नसतो, तेव्हा चिप स्वतःचीच स्वतः उजळणी करत राहते. बाकी सगळं विझलेलं असताना अर्धं पत्र याच उजळणीवर तगून असतं.

पण मूळ गोष्ट त्याच्या आधी घडते, झाकण मिटल्यापासून दिवा लुकलुकेपर्यंतच्या त्या दोन-तीन सेकंदांत. तिथले नायक म्हणजे डिव्हाइस ड्रायव्हर. ड्रायव्हर हा यंत्रणेच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, आणि एकेका उपकरणाचा दुभाषी. डिस्कचा वेगळा, वायफायचा वेगळा, पडद्याचा वेगळा. लिनक्समध्ये हे सगळं उघड्यावर लिहिलेलं आहे, त्यामुळे उदाहरण त्याचंच घेतलेलं बरं. यंत्र झोपायला निघालं की कर्नल प्रत्येक दुभाष्याला निरोप धाडतो. त्यावर त्याने कसं वागावं? अभियांत्रिकीच्या पुस्तकात याची उत्तरं आहेतच. पण ती वाचताना राहून राहून वाटतं की हा धर्मशास्त्राचा प्रश्न आहे, अगदी जुन्या अर्थाने: कुणी, कुठल्या क्रमाने, कुणाच्या आधी आणि कुणाच्या नंतर काय करावं.

क्रम पाहा. यंत्रातली उपकरणं झाडासारखी जोडलेली असतात. पेन ड्राइव्ह यूएसबीच्या हबवर, हब कंट्रोलरवर, कंट्रोलर मुख्य बसवर. झोपताना आधी लेकरं झोपतात, मग आईबाप. उठताना उलट, आईबाप आधी. कारण साधं आहे. डिस्कला शेवटचं काही लिहायचं असेल तर ते कंट्रोलरमार्फत जाणार, आणि तोच आडवा झाला असेल तर लिहिणार कुणाच्या हाताने? बहुतेक मराठी घरांत आईचं वेळापत्रक असंच असतं. कर्नलने ते न शिकवता अंगीकारलं.

या सगळ्याच्याही आधी माणसाचे कार्यक्रम, म्हणजे ब्राउझर, एडिटर, गाण्यांचा प्लेअर, गोठवले जातात. कर्नलमध्ये त्यासाठी जे फंक्शन आहे त्याचं नावच रेफ्रिजरेटर. सगळ्यांनी वीस सेकंदांच्या आत तिथे जाऊन बसायचं. एखादा कार्यक्रम बंद पडलेल्या दूरच्या सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत अडकला असेल आणि त्याला हलता येत नसेल, तर वीस सेकंदांनी कर्नल हात टेकतो आणि झोपेचा बेत रद्द होतो.

या रेफ्रिजरेटरवरून २००७ च्या सुमारास लिनक्सच्या मंडळींत जोरदार वाद झाला. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचं म्हणणं असं, की रॅम जागी ठेवून झोपण्यासाठी सगळ्यांना जबरदस्तीने गोठवण्याची गरजच काय? प्रत्येक ड्रायव्हरने आपल्यापुरती नवी कामं घेणं थांबवावं, हातातलं संपवावं आणि झोपावं. राफाएल विसोत्स्की आणि पावेल माहेक ही झोपेचा विभाग सांभाळणारी मंडळी म्हणत होती की ड्रायव्हर शेकडो आहेत, लिहिणारे शेकडो आहेत, आणि प्रत्येकाच्या संयमावर सगळ्यांची झोप टांगून ठेवता येत नाही. संयम आतून यावा की बाहेरून लादावा, हा यम-नियमांइतका जुना वाद. रेफ्रिजरेटर आजही आहे. पण त्यामुळे ड्रायव्हर जबाबदारीतून सुटलेला नाही. विचारवंतांच्या भांडणात असा निकाल क्वचित लागतो की दोन्ही पक्षांचं म्हणणं राबवावं लागतं.

तर ड्रायव्हरने काय करायचं? पहिलं, तयारी. हा निरोप आल्यावर त्याने आपल्याखाली नवं अपत्य नोंदवायचं नाही. झोपायच्या वेळी कुटुंब वाढवायचं नाही. मोठी मेमरी लागणार असेल तर ती आत्ताच मागून घ्यायची. नंतर मागितली आणि ती मोकळी करायला डिस्कवर काही लिहावं लागलं, तर डिस्क एव्हाना झोपलेली असू शकते. वायफायच्या कार्डाला उठताना फर्मवेअर भरवावं लागतं, आणि ते असतं डिस्कवरच्या फाइलीत. उठताना ते शोधायला जाणं म्हणजे किल्ली कुलूपबंद पेटीत ठेवण्यासारखं आहे. म्हणून झोपायच्या आधीच ते रॅममध्ये आणून ठेवलं जातं. शिदोरी आदल्या रात्री बांधायची, इतकंच ते शहाणपण.

मग प्रत्यक्ष निरोध. नवी मागणी घ्यायची नाही, चालू व्यवहार पुरा करायचा, उपकरणाची अवस्था टिपून ठेवायची, आणि शेवटी त्याची वीज कमी करायची. योगशास्त्रातल्या प्रत्याहाराशी, म्हणजे इंद्रियांना विषयांपासून मागे घेण्याशी, याचं साम्य वरवरचं नाही. दोन्हीकडे मागे घेणं म्हणजे तोडून टाकणं नव्हे. इंद्रिय शाबूत ठेवायचं असतं, कारण ते पुन्हा वापरायचं आहे.

यातली सर्वांत अवघड जागा म्हणजे पेंग. उपकरण झोपलेलं आहे, पण त्याच्या ड्रायव्हरच्या दारावरची घंटा, म्हणजे इंटरप्ट, अजून जोडलेली आहे. जुन्या यंत्रांत एकाच घंटेच्या तारेवर दोन-तीन उपकरणं असत. शेजारच्याने घंटा वाजवली की याचाही ड्रायव्हर दचकून उठतो आणि आपल्या उपकरणाला विचारतो, तू बोलावलंस का? उपकरणाला वीज नाही. आणि पीसीआय बसवर अशा निपचित उपकरणाकडून वाचायला गेलं तर हाती येतात ते सगळे बिट एक, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला 'हो'. मौनाचा अर्थ संपूर्ण होकार असा लावून ड्रायव्हर भलत्याच कामाला लागतो. त्यावर तोडगा म्हणून झोपेचा एक वेगळा टप्पा करावा लागला. आधी घंटा बंद, मगच शेवटची वीज काढायची. प्रत्याहारावर लिहिणाऱ्यांनी अशा चुकार घंटेची चर्चा केलेली नसेल, पण ध्यानाला बसलेल्या कुणालाही ती परिचयाची असावी.

प्रत्येक ड्रायव्हरला नाही म्हणायचाही हक्क आहे. एकाने जरी चूक झाल्याचा संकेत परत केला तरी सगळा बेत मोडतो आणि जे झोपले होते त्यांना उलट क्रमाने उठवावं लागतं. कागदोपत्री हा नकाराधिकार सर्वांना सारखा आहे. व्यवहारात संकेत असा, की तो जपून वापरावा. माझं उपकरण नीट झोपत नाही म्हणून सगळं घर रात्रभर जागं ठेवणारा ड्रायव्हर वाईट. पण झोपलो तर लिहिलेलं हरवेल हे माहीत असूनही मान डोलावणारा त्याहून वाईट. एकाच्या सचोटीपायी किती जणांनी जागावं, याला सूत्र नाही. ज्याच्या उपकरणात दुसऱ्याची ठेव आहे त्याने अडून बसावं आणि ज्याच्याजवळ फक्त स्वतःची गैरसोय आहे त्याने गप्प झोपावं, इतपत तारतम्य तरी असावं.

आणि नेमकं झोपतानाच बोलावणं आलं तर? हा प्रश्न फोनमुळे ऐरणीवर आला. अँड्रॉइडचे फोन जरा उसंत मिळाली की झोपतात, त्यामुळे फोन झोपायला निघाला आहे आणि त्याच क्षणी संदेश येतो, हे रोजचंच. अँड्रॉइडकडे यासाठी वेकलॉक नावाची सोय होती. कुणीही वेकलॉक धरून ठेवला की यंत्र झोपत नाही. २००९ मध्ये ती मुख्य लिनक्सपुढे मांडली गेली आणि दोनेक वर्षं नुसती खडाजंगी चालली. आक्षेप असा, की बेजबाबदार कार्यक्रम वेकलॉक धरून बसतील आणि बॅटरी खातील. २०१० मध्ये विसोत्स्कींनी वेगळी वाट काढली. जागवणाऱ्या घटनांची एक मोजणी ठेवायची. झोपायच्या आधी आकडा वाचायचा, तोच परत सांगायचा, आणि मध्ये तो वाढला असेल तर झोप रद्द. २०१२ मध्ये वेकलॉकसारखी सोयही मुख्य लिनक्समध्ये आलीच.

पंढरपूरला ही सोय फार जुनी आहे. एरवी विठ्ठलाला रात्री शेजारतीने निजवतात आणि पहाटे काकड्याने उठवतात. आषाढी-कार्तिकीच्या दिवसांत मात्र देवाचा पलंग काढून ठेवतात. दर्शनाची रांग चोवीस तास चालते आणि यात्रा उलगडल्यावर प्रक्षाळपूजेने देवाचा शिणवटा घालवतात. गंमत अशी, की आषाढीच्या एकादशीचं नावच देवशयनी. पंचांगात विष्णू चार महिने झोपायला जातो, त्याच दिवशी पंढरीत त्याचा पलंग उचललेला असतो. बोलावणं यायचं थांबलेलं नाही, तर झोपायचं नाही. वेकलॉक याहून फार वेगळं काही सांगत नाही.

जागं करणं हीदेखील कला आहे. अजातशत्रूच्या हाकांनी तो माणूस उठला नाही, कारण ती नावं त्याची नव्हती, असं एखादा नेटवर्कवाला म्हणेल. झोपलेल्या संगणकाला दुरून उठवायचं तर त्याच्या नेटवर्क कार्डाला एक ठरावीक संदेश पाठवावा लागतो. आधी सहा बाइट सगळे एक, आणि मग त्या कार्डाचा स्वतःचा पत्ता ओळीने सोळा वेळा. सगळं यंत्र निपचित असताना कार्डाचा एक कोपरा एवढंच ऐकत असतो. दुसऱ्याचं नाव कितीही थोर असो, तो ढिम्म. स्वतःचं नाव सोळा वेळा ऐकलं की मात्र घर उठवतो.

बृहदारण्यकातच पुढे एके ठिकाणी सांगितलं आहे की झोपलेल्याला एकदम उठवू नये. बाहेर गेलेला पुरुष एखाद्या इंद्रियाच्या जागी नीट परतला नाही, तर ते दुखणं बरं करणं कठीण. हे वाचून लिनक्सचे जुने वापरकर्ते हसतील किंवा कळवळतील. दोन हजारच्या दशकात लॅपटॉप झोपेतून उठायचा, डिस्क फिरायची, कळफलक चालायचा, आणि पडदा काळाच राहायचा. दृष्टी परतलेली नसायची. कारण ग्राफिक्स कार्डाला सुरुवातीला, यंत्र चालू करणाऱ्या बायोसने जागं केलेलं असे. ड्रायव्हरने त्या आयत्या जागेवर संसार मांडलेला. झोपेनंतर बायोस ते काम पुन्हा करीलच असं नव्हतं आणि ड्रायव्हरला ते कधी शिकवलंच नव्हतं. लोक नाना मंतर-तंतर करायचे. २००९ मध्ये इंटेलच्या कार्डांपासून सुरुवात होऊन पडद्याची मांडणी कर्नलमधल्या ड्रायव्हरने स्वतः करायची पद्धत आली, आणि मग हळूहळू डोळे परतू लागले. ड्रायव्हरने उठताना कशावरही विसंबू नये, हा धडा त्यातून पक्का झाला. वीज गेली असेल किंवा नसेल. मध्ये बायोसने हात लावला असेल किंवा नसेल. आपण ठेवलं तसंच उपकरण सापडेल, हे गृहीत धरायचं नाही.

इथे मूळ प्रश्न पुन्हा दारात येतो. उठला तो तोच कशावरून?

ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात नेमकी ही शंका आहे. सुषुप्तीत जीव सत्तत्त्वात एक होत असेल, तर सकाळी तोच परत कसा येतो? पाण्याच्या राशीत थेंब टाकला तर तोच थेंब परत काढता येत नाही. सूत्रकाराचा निर्वाळा आहे की तोच उठतो, आणि त्याने चार कारणं दिली आहेत. त्यांतलं पहिलं कारण विलक्षण घरगुती आहे: काम. आदल्या दिवशी अर्धं सोडलेलं काम माणूस दुसऱ्या दिवशी उठून पुरं करतो. दुसऱ्याचं अर्धं काम कुणी असं आपलं म्हणून पुरं करत नाही. मग येते स्मृती, मग श्रुती, मग विधी. शंकराचार्य भाष्यात पुष्टी जोडतात की उठणारा दुसराच असता तर नुसत्या झोपण्यानेच मुक्ती मिळाली असती आणि ज्ञानाचे सगळे उपदेश फुकट गेले असते. थेंबाच्या दाखल्यावर ते म्हणतात, आपल्याला वेगळं करता आलं नाही म्हणून वेगळं होतच नाही असं नाही. दूध आणि पाणी हंस निवडतोच. (संगणक दुरुस्त करणाऱ्याचा पहिला सल्ला 'बंद करून चालू करा' हा असतो. त्याला मुक्तीचा मार्ग माहीत आहे. संचित सगळं जळून जातं, मात्र अर्धं पत्रही.)

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी स्वतःच्या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत जोडलेल्या प्रकरणात नेमकी उलटी शक्यता धरली. जागा सॉक्रेटिस आणि झोपलेला सॉक्रेटिस यांच्यात जाणिवेचा दुवा नसेल, तर ते एकच व्यक्ती नव्हेत, असं ते मानतात. लॉक यांचा भर आठवणीवर, सूत्रकाराचा आधी कामावर. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला विचारलं तर तो सूत्रकाराच्या बाजूने उभा राहील असं वाटतं. आठवण टिपून ठेवणं सोपं आहे. अर्धवट व्यवहार जिथे तुटला तिथून उचलता येणं, हीच परीक्षा.

यूएसबीच्या बाबतीत ती परीक्षा उघडपणे चुकू शकते. पेन ड्राइव्हवर फाइल उघडी असताना यंत्र झोपलं आणि मध्ये पोर्टची वीज गेली, तर उठल्यावर जे सापडेल ते नवीनच उपकरण, असा कडक नियम लावता येतो. तो सुरक्षित, पण त्यात दरवेळी अर्धं काम मरतं. म्हणून लिनक्समध्ये दुसरी रीत आहे. उठल्यावर त्याच जागी जे आहे त्याची ओळखपत्रं तपासायची, उत्पादकाचा क्रमांक, वर्णन, अनुक्रमांक, आणि जुळली तर हे तेच असं मानून पुढे जायचं. बरोबरच्या कागदपत्रांत धोक्याची कबुलीही आहे. झोपेत कुणी कार्ड रीडरमधलं कार्ड बदलून तसलंच दुसरं घातलं, तर कर्नलला ते कळेलच असं नाही, आणि तो जुन्या कार्डाचा हिशेब नव्यावर लिहील. ओळखपत्र तेच, माणूस दुसरा. इथे हंस नाही.

झोपलो होतो, हे यंत्राला कळतं का? आपल्याकडे यावर तट आहेत. अद्वैती म्हणतात, उठल्यावर माणूस 'सुखाने झोपलो, काही कळलं नाही' असं म्हणतो ती आठवण आहे, आणि आठवण अनुभवाशिवाय होत नाही. म्हणजे झोपेतही कुणी साक्षी होता. योगसूत्रंही निद्रेला एक वृत्तीच मानतात, आणि व्यासभाष्य त्यासाठी उठल्यावरच्या अशाच आठवणींचा दाखला देतं: कधी मन प्रसन्न, कधी सैरभैर, कधी जड. नैयायिकांना हे पटत नाही. त्यांच्या मते ते अनुमान आहे. तेव्हा रात्र होती, आता दिवस आहे, मधलं काही हाती नाही, म्हणून झोपलो असणार.

यंत्र पक्कं नैयायिक आहे. कार्यक्रमांना रेफ्रिजरेटरमध्ये बसवण्यामागचा एक उद्देशच असा सांगितला जातो की झोप झाली हे त्यांना कळू नये. कर्नलकडे घड्याळं मात्र दोन आहेत. एक झोपेत थांबतं, दुसरं झोपेचा वेळही मोजतं. दोन्हींत फरक पडला तर झोप झाली. २०१८ मध्ये, लिनक्सच्या ४.१७ आवृत्तीच्या वेळी, थांबणाऱ्या घड्याळालाही झोपेचा वेळ मोजायला लावण्याचा प्रयत्न झाला. तर्काला तो धरून होता. पण ज्या पहारेकरी कार्यक्रमांना 'अमुक सेकंदांत हालचाल नाही म्हणजे मेला' असं ठरवायचं असतं, ते उठल्याबरोबर आठ तास उलटलेले पाहून गडबडले, आणि काही आठवड्यांत तो बदल मागे घ्यावा लागला. झोपेचा पत्ता न लागणं हीच कित्येकांची गरज होती.

यामुळे साक्षीचा सिद्धान्त खोटा ठरतो असं नाही. यंत्राला सुख होतं असं कुणी म्हणत नाही. छांदोग्य उपनिषदातल्या इंद्राची तक्रार मात्र यंत्राकडे बघून नीट समजते. प्रजापतीने गाढ झोप हाच आत्मा असं सांगितल्यावर इंद्र वाटेतून परत फिरला. या अवस्थेत 'मी हा आहे' एवढंही कळत नसेल, तर ती नाशासारखीच झाली, यात मला भलं दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. प्रजापतीपाशी शिष्य म्हणून आधीची शहाण्णव वर्षं झालेली असताना त्याला आणखी पाच वर्षं राहावं लागलं.

अलीकडच्या लॅपटॉपांनी हा घोळ वाढवला आहे. फोनसारखं क्षणात जागं व्हावं म्हणून कित्येकांतून एस-३ काढूनच टाकली आहे. झाकण मिटल्यावर ते जाग्या अवस्थेतच अगदी मंद होऊन राहतात. इंद्रियं मिटलेली, मन मधूनच चाललेलं. मांडूक्याच्या भाषेत हे स्वप्न. एखादा ड्रायव्हर नीट मिटला नाही तर प्रोसेसर खोल उतरतच नाही, आणि सकाळी बॅगेत हात घातला तर लॅपटॉप तापलेला, बॅटरी संपलेली. व्यासभाष्यातली ती सैरभैर झोप हीच. नीट झोप लागली का, हे पाहायला आता हार्डवेअरमध्येच मोजपट्टी असते: खरोखर किती वेळ खोल उतरला होता, तेवढा आकडा ती दाखवते. उठलेल्या यंत्राच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही.

सर्वांत विचित्र जागा एस-४ मध्ये, म्हणजे हायबरनेशनमध्ये आहे. तिथे रॅमचीही वीज जाते. त्यामुळे आधी सगळ्या उपकरणांना स्तब्ध करून स्मृतीचं एक चित्र काढतात. मग ते डिस्कवर लिहायला त्याच उपकरणांना पुन्हा जागं करावं लागतं, आणि मग सगळं बंद. पुढच्या वेळी एक नवा कोरा कर्नल उठतो, ते चित्र डिस्कवरून उचलतो आणि स्वतःच्या जागी त्याला बसवून नाहीसा होतो. मधल्या काळात दुसऱ्या कुणी त्या डिस्कवर लिहिलं असेल तर सर्वनाश. कागदपत्रांत याची सूचना ठळकपणे दिलेली आहे.

चित्र काढणारं जे फंक्शन आहे ते एकदा बोलावलं जातं आणि दोनदा परततं. पहिल्यांदा चित्र काढून झाल्यावर लगेच. दुसऱ्यांदा, काही तासांनी किंवा महिन्यांनी, ते चित्र परत जिवंत झाल्यावर. दोन्ही वेळा पुढची ओळ तीच, आठवणी त्याच, सगळे बिट तेच. तिथल्या एका टिपणीत लिहिणाऱ्याने 'जादू'चा उल्लेख केला आहे. परतलेल्याला कळावं कसं की आपण पहिले की दुसरे? त्यासाठी एक चल राखून ठेवला आहे, ज्याला मुद्दाम चित्रात घेतलं जात नाही. मोजक्याच गोष्टींवर 'जतन करू नये' अशी खूण असते. चित्र काढण्याआधी त्यात एक लिहितात. पहिल्यांदा परतलेल्याला तिथे एकच सापडतो. दुसऱ्यांदा परतलेला त्या नव्या कर्नलच्या रॅममध्ये उठतो, आणि तिथे ती जागा शून्य असते. एक दिसला तर चित्र डिस्कवर लिहायचं राहिलं आहे. शून्य दिसलं तर उपकरणं उठवायची आहेत, घंटा जोडायच्या आहेत, रेफ्रिजरेटरचं दार उघडायचं आहे, आणि कुणाचं तरी पत्र एका शब्दावर थांबलेलं आहे.